मॅगझिन काढलं, तरी पिस्तूल भरलेलंच होतं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो. त्यातलं मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, आणि स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग.

"माझ्या नावावर .३२ बोअरचं पिस्तूल आहे. आमची शेती डबरा गावाकडे, रात्री-अपरात्री जाणं-येणं असतं, म्हणून लायसन्स काढलं. गेल्या खंडेनवमीला पूजेत ठेवायचं म्हणून ते रिकामं केलं. स्लाइड ओढली, एक काडतूस बाहेर पडलं, मग मॅगझिन काढून घेतलं. पूजा झाली, पिस्तूल कपाटात गेलं. परवा पावसाळ्याआधी तेलपाणी करायला बंदुकीच्या दुकानात नेलं, तर दुकानदाराने स्लाइड मागे घेताच जिवंत काडतूस काउंटरवर पडलं. मी जागच्या जागी घामाघूम झालो. खंडेनवमीला बहिणीच्या मुलाने तेच पिस्तूल हातात धरून फोटो काढून घेतला होता. एक काडतूस पडताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग हे दुसरं आलं कुठून? रिकामं करण्याची बरोबर पद्धत सांगा. बायको म्हणते, घरात नकोच ते. शिवाय वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर ट्रंकेत पडून आहे. वडील दीड वर्षापूर्वी गेले. त्याला मी अजून हात लावलेला नाही."

तुम्ही हे लिहून पाठवलंत, फार बरं केलंत. असं काही झालं की लोक घरातसुद्धा बोलत नाहीत, आणि मग तीच चूक शेजारच्या घरात होते. ग्वाल्हेर-चंबळ भागात लायसन्सची हत्यारं किती घरांत आहेत ते तुम्हाला सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच जणांना पिस्तूल भरायला कुणीतरी शिकवलेलं असतं. रिकामं करायला मात्र कुणी शिकवत नाही.

दुसरं काडतूस तुम्हीच आत घातलंत. कसं ते नीट पाहा, कारण सगळी गोम इथेच आहे. स्लाइड मागे ओढली की चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतलं, काडतूस बाहेर फेकलं जातं. हात सुटला की स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येते, आणि येताना मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये नेऊन बसवते. पिस्तुलाची रचनाच तशी आहे, त्यासाठीच ते बनवलेलं असतं. तुम्ही स्लाइड ओढलीत तेव्हा मॅगझिन मुठीतच होतं. म्हणजे पहिलं काडतूस पडलं आणि त्याच झटक्यात दुसरं त्याच्या जागी जाऊन बसलं. नंतर काढलेल्या मॅगझिनने त्यात काहीच फरक पडला नाही. समजा तुम्ही सात काडतुसं भरली होती. एक जमिनीवर, पाच मॅगझिनमध्ये, बेरीज सहा. त्या दिवशी मोजली असती तर सातवं कुठे गेलं हा प्रश्न तिथल्या तिथे पडला असता. म्हणून भरताना मोजा आणि काढताना मोजा.

तर आधी मॅगझिन, मग स्लाइड. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

आता सावकाश सांगतो. घरात माणसांची वर्दळ असताना, फोनवर बोलताना, लग्नाहून रात्री एक वाजता पेंगत आल्यावर किंवा घोटभर घेतलेली असताना हे काम करायचं नाही. असं पिस्तूल कुलपात ठेवून सकाळी रिकामं केलेलं परवडतं. खोलीचं दार लावून घ्या, मुलं बाहेर. पिस्तूल उचलतानाच तर्जनी सरळ ठेवा, चापाच्या कडीबाहेर, फ्रेमला लागून. ती शेवटपर्यंत तिथेच राहील. नळीचं तोंड अशा जागी रोखा जिथे चुकून गोळी सुटलीच तर कुणाचा जीव जाणार नाही. ही जागा घरात आधीच ठरवलेली हवी. लष्कर भागातल्या जुन्या घरांतून खाली दगडी फरशी असते. दगडावर गोळी आपटली तर ती कुठे उसळेल याचा भरवसा नाही, म्हणून 'जमिनीकडे धरलं की झालं' हे अशा घरात खरं नाही. दार, प्लायची भिंत, कपाट यांतून गोळी सरळ आरपार जाते.

यावर स्वस्त आणि चांगला उपाय आहे. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, वरचा पत्रा पूर्ण कापून कडा ठोकून घ्या, आणि चाळलेल्या कोरड्या बारीक वाळूने गळ्यापर्यंत भरा. खडे राहू देऊ नका. कोरड्या वाळूचा फूट-सव्वा फुटाचा थर .३२ची गोळी पोटात घेतो. डबा कोपऱ्यात, बाहेरच्या जाड भिंतीला लावून ठेवा आणि नळीचं तोंड वरून मधोमध वाळूकडे धरून काम करा. पोलीस लाइनीत आणि सैन्यात हत्यार खाली करायला अशीच वाळूची व्यवस्था असते. ती घरात करायला लाज कसली?

आता मॅगझिनची कळ दाबा आणि मॅगझिन पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवा. बऱ्याच जुन्या पिस्तुलांत ही कळ मुठीच्या तळाशी, मागच्या बाजूला असते. तिथे दोन्ही हात गुंततात आणि नळी भलतीकडे वळते, तेवढं सांभाळा. काही पिस्तुलांत सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ, लावलेली असताना स्लाइड हलतच नाही, म्हणून सेफ्टी काढावी लागते. नेमकं तेव्हाच बोट चापावर जातं. तर्जनीवर एवढा जोर मी देतो तो यासाठी.

मग स्लाइड पूर्ण मागे ओढा. अर्धवट नको, दमदार ओढा. काडतूस उडून खाली पडू दे, हातात झेलू नका. काही लोक काडतूस जिथून बाहेर पडतं त्या स्लाइडच्या खिडकीवर तळवा ठेवतात, म्हणजे काडतूस हरवत नाही. ते करू नका. काडतूस तळव्याखाली अडकलं आणि त्याच्या बुडाशी असलेल्या टोपीला आतल्या लोखंडाचा ठोसा बसला तर ते हातातच फुटू शकतं. खाली जाड सतरंजी टाका, काडतूस सापडतं. स्लाइड दोन-तीनदा ओढा आणि शेवटी मागे ठेवून अडकवा. अडकवायचा खटका नसेल तर हाताने धरून ठेवा.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि खरं काम तर इथे सुरू होतं. उजेडात या. खिडकीतून चेंबरमध्ये बघा. रिकामं चेंबर म्हणजे काळं भोक, आत नळीचा अंधार. भरलेलं असेल तर तिथे पितळेची पिवळी चकती दिसते, मधोमध टिकलीएवढी गोल टोपी. एकदा पाहिली की विसरत नाही. मग करंगळी आत घालून चेंबरची कड चाचपा. बोटाला पोकळी लागली पाहिजे. मुठीतून मॅगझिनची जागाही बघा, तीही आरपार मोकळी हवी. मग मान वर करा, दुसरीकडे बघा, आणि पुन्हा एकदा सगळं तपासा. मनात 'रिकामं आहे' असं धरून पाहिलं की डोळ्यांना रिकामंच दिसतं. दुसऱ्यांदा बघायचं ते त्यासाठी.

हात आणि डोळे दोन्ही का, हे विचाराल तर उत्तर तुमच्या कपाटातच आहे. काडतूस आठ महिने चेंबरमध्ये पडून राहिलं, त्यात दमट हवा मिळाली, की पितळेवर हिरवट थर चढतो. असं काडतूस चेंबरला चिकटून बसतं. त्याला ओढणारा पंजा झिजलेला किंवा तुटलेला असेल, तर स्लाइड मागे येते, काही पडत नाही, आणि माणूस समजतो की आत काही नव्हतंच. म्हणून 'काही पडलं नाही' हा पुरावा धरू नका. चेंबरमध्ये काडतूस दिसतंय आणि निघत नाही, अशी वेळ आली तर आतून सळई घालून ठोकायची नाही, स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही. नळी वाळूकडे ठेवून पिस्तूल तसंच खाली ठेवा आणि बंदूक दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या कारागिराला फोन करा. घेऊन कसं यायचं ते तोच सांगेल.

आणखी एक ऐकीव गोष्ट मनातून काढून टाका. 'मॅगझिन काढलं की चाप चालतच नाही' असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. काही पिस्तुलांत तशी सोय असते, अनेकांत नसते. तुमच्या भाच्याच्या हातातलं पिस्तूल कोणत्या प्रकारचं आहे याची परीक्षा मला घ्यायची नाही, तुम्हालाही नसावी. त्या मुलाला हे सगळं सांगा. भीती घालायला नको, पण त्या फोटोच्या वेळी आत काय होतं ते त्याला कळलं पाहिजे, म्हणजे मित्राच्या घरी कुणी 'धर, रिकामं आहे' म्हणालं तर तो हात मागे घेईल.

'रिकामं आहे' हे दुसऱ्याच्या तोंडचं कधीच धरायचं नाही. निवडणुकीत बऱ्याचदा हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, तुम्ही केलीच असतील. देताना घरूनच रिकामं करून न्या आणि तिथे स्लाइड उघडी ठेवून दाखवा. परत घेताना कुणी काहीही म्हणो, स्वतः पुन्हा तपासा. दुकानातून आल्यावरही तसंच, आणि तुम्ही स्वतः काल कपाटात ठेवलेलं आज उचलतानाही.

तुम्ही शेतावर जाताना भरता आणि परत आल्यावर रिकामं करता, तर बाहेर काढलेलं तेच काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये घालू नका. दर वेळी ते आत जाताना त्याच्या गोळीच्या टोकाला धक्का बसतो आणि गोळी हळूहळू पितळेत मागे सरकते. मग आतली जागा कमी होते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढतो. दोन काडतुसं शेजारी उभी करून बघा. एक जरा बुटकं दिसलं तर ते बाजूला काढा आणि दुकानदाराकडे द्या. कचऱ्यात टाकू नका, विहिरीत तर नाहीच.

रिव्हॉल्व्हरबद्दल. तुमच्या वडिलांचं कोणतं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे खूप आहेत. ती वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या जुन्या धाटणीची, मधून मोडणारी. हॅमर म्हणजे मागचा ठोकणारा हातोडा, त्याच्याजवळचा खटका अंगठ्याने दाबला की नळी खाली झुकते आणि काडतुसांच्या चक्रीच्या मधली चांदणी वर उठून सहाही काडतुसं एकदम उचलते. पूर्ण मोडली तरच ती नीट बाहेर पडतात. अर्धवट मोडली तर उचललेली काडतुसं परत आपापल्या भोकात बसतात. कधी एखादं काडतूस चांदणीच्या खाली निसटतं आणि तिथेच अडकून राहतं. म्हणून चक्री हाताने फिरवत सहा भोकं एकेक करून बघायची, सहांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. चक्री बाजूला निघणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीचं तोंड वर करून काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा तळव्याने पूर्ण दाबायचा, म्हणजे काडतुसं वजनानेही खाली येतात. हॅमर चढलेला, म्हणजे मागे ओढून अडकवलेला, सापडला तर मात्र हात लावू नका.

पण तुम्ही स्वतः वडिलांचं रिव्हॉल्व्हर उघडायला जाऊ नका, याला दोन कारणं आहेत. दीड वर्ष ट्रंकेत असलेल्या हत्याराची आतली अवस्था तुम्हाला माहीत नाही. आणि ते तुमच्या लायसन्सवर नाही. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवण्याचा हक्क आपोआप मुलाकडे येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की असं हत्यार आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. दीड वर्ष हा उशीर आहे, त्यामुळे आता एक दिवसही घालवू नका. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. स्वतःहून जाणाऱ्याशी ठाण्यातली माणसं वेगळं वागतात, सापडलेल्याशी वेगळं.

आता पूजेचं. खंडेनवमीला हत्यार पूजलं पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांचा भाव मी जाणतो. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून ही पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पिस्तूल आधी वरच्या पद्धतीने रिकामं करा आणि पाटावर ठेवताना स्लाइड उघडीच ठेवा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला चेंबर दिसेल. नळीचं तोंड भिंतीकडे. काडतुसं पाटावर तर नाहीच, त्या खोलीतही नकोत. हळद-कुंकू मुठीच्या लाकडावर किंवा प्लास्टिकवर लावा, धातूवर आणि नळीत नको. ओलं कुंकू आणि फुलांचं पाणी यांनी एका रात्रीत गंज धरतो. आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी पिस्तूल पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कुलपात. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला माणसांची रीघ लागते, तेव्हा ते पाटावर असता कामा नये.

लग्नाच्या वरातीला तर ते घराबाहेरच काढू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ठेवायचं कसं, तर पिस्तूल एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या. गोदरेजच्या कपाटातला आतला लॉकर एकासाठी चालेल, पण त्याची किल्ली देवघरामागच्या खिळ्याला लटकवून नाही. घरातल्या मुलांना ती जागा मोठ्यांच्या आधी कळते. मुठीतून आणि चेंबरमधून घालायचं तारेचं कुलूप मिळतं, ते लावलं की स्लाइड बंदच होत नाही. तेही लावा. कातडी होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि धातू खातं. सुती फडक्यावर ठेवा, जवळ सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळ्यात ती बदला. काडतुसांना तेल लावायचं नाही. तेल टोपीत झिरपलं की काडतूस ऐन वेळी दगा देतं.

वहिनींचं म्हणणं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण मला ते सगळ्यात वजनदार वाटलं. घरात त्याही राहतात, आणि फोटोतल्या मुलाकडे त्या दिवशी त्याही कौतुकाने बघत उभ्या असतील. पिस्तूल तुम्हाला शेतावर जाताना लागतं असं तुम्ही म्हणता. ते खरंच किती वेळा लागतं, ते त्यांच्यासमोर बसून मोकळेपणाने ठरवा. गहू निघाल्यावर पुढचे कित्येक महिने रात्रीची फेरी होत नसेल, तर तेवढा काळ परवानाधारक विक्रेत्याकडे ते पावती घेऊन जमा ठेवता येतं. घरातच ठेवायचं ठरलं, तर रिकामं करताना त्यांना दाराबाहेर थांबायला सांगा, आणि स्लाइड उघडी अडकवून झाली की आत बोलावून चेंबर दाखवा. हत्यार त्यांच्या हातात द्यायचं नाही, लायसन्स तुमच्या नावाचं आहे. पण काळं भोक आणि पिवळी चकती यांतला फरक त्यांनाही माहीत असावा. रिकामं आहे की नाही, हे मग तुमच्या एकट्याच्या म्हणण्यावर राहणार नाही.

आणि रिव्हॉल्व्हरसाठी उद्या सकाळी आधी ठाण्यात हत्यार न घेता जा. वडिलांचं मूळ लायसन्स आणि मृत्यू दाखला सोबत न्या. हत्यार बंद ट्रंकेत आहे, बहुधा भरलेलं असेल असं धरूनच सांगा, आणि ते कसं आणायचं किंवा कुणी येऊन न्यायचं हे तिथूनच ठरवून घ्या. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. पुढे ते तुमच्या नावावर हवं असेल तर वारस म्हणून कलेक्टर कचेरीत अर्ज करता येतो. इतर वारसांची संमती मागतात, म्हणून बहिणीशी आधी बोलून घ्या. एका माणसाला दोनच हत्यारांची मुभा आहे, तुमचं एक आहे, त्यामुळे जागा आहे. नको असेल तर विक्रेत्यामार्फत रीतसर विकता येतं. ट्रंकेला तोवर कुलूप घाला, आणि ती ज्या खोलीत आहे तिथे आज रात्री कुणाला झोपवू नका.